माजघरांतून : मधलें नांव

आमच्या घरीं दीड महिन्यापूर्वीं कन्यारत्न आलें. ‘रत्न’ हा शब्द मामंजींचा. रात्रीं दोन वाजतां त्या रत्नास खांद्यावर घेऊन ज्यांस दिवाणखान्यांत येरझाऱ्या घालाव्या लागतात, त्यांच्या तोंडीं त्या वेळीं निराळे शब्द येतात. पण ते या सदरांत छापण्याजोगे नाहींत. बाराव्या दिवशीं यथासांग बारसें झालें. वन्संनीं बाळाच्या कानांत कुर्र केलें, त्यांच्या पाठींत चालीप्रमाणें धपाटे बसले, घुगऱ्या वांटल्या गेल्या, आणि नांवाचा प्रश्न सुटला असें समजून घरांतील मंडळी आपापल्या कामास लागली.

प्रश्न सुटला नव्हता. तो चार दिवसांनीं नांवनोंदणीच्या कागदाबरोबर पुन्हां घरांत आला.

आमच्याकडे कोणताही सरकारी कागद भरावयाचा तो मामंजींनींच. त्यांनीं ३६ वर्षें शाळेंत इतिहास व संस्कृत शिकविलें. त्यांचें अक्षर पाहून कचेरींतील एका कारकुनानें एकदां ‘वा!’ म्हटलें होतें, ती हकीकत आम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यांत ऐकली. त्यांनीं चष्मा लावला, बाळाचें नांव लिहिलें, आणि लेखणी न उचलतां पुढें आमच्या यजमानांचें नांव लिहावयास घेतलें. तेव्हां आम्ही म्हणालों, ‘‘मामंजी, त्या दोन नांवांच्या मध्यें आमचें नांव यावयाचें आहे.’’

लेखणी थांबली. मामंजी कधीं रागावत नाहींत. ते कागदाची घडी घालतात. त्यांनीं कागदाची घडी घातली.

हें कांहीं आमच्याच डोक्यांतून निघालेलें खूळ नव्हे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें २०२४ च्या मार्च महिन्यांत ठरविलें, कीं शाळेच्या व परीक्षेच्या कागदांवर, महसुली दस्तऐवजांवर प्रथम मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव असा क्रम असावा. पूर्वीं कागदावर आईचें नांव मुळींच नसे असें नाहीं. जन्माच्या दाखल्यावर तें असतें, गुणपत्रिकेवरही असतें. पण वेगळ्या ओळींत, वेगळ्या चौकटींत, पंगत उठल्यावर जेवावयास बसणाऱ्या बाईप्रमाणें. आतां तें मुलाच्या नांवाच्या पंक्तीसच यावयाचें, एवढाच फरक. वास्तविक घाई करण्याचें कारण नव्हतें. जन्माची वर्दी २१ दिवसांच्या आंत द्यावी लागते आणि ती इस्पितळानेंच दिलेली होती. नांव मागाहून १२ महिन्यांपर्यंत फुकट, व पुढें शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालतां येतें. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा असा झाला आहे, कीं त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळेंत घालावयाचें असो, मतदारांच्या यादींत यावयाचें असो, गाडी चालविण्याचा परवाना काढावयाचा असो कीं सरकारी नोकरी धरावयाची असो, जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच पुढें करावा लागेल. म्हणजे या एका ओळींत आज जें लिहूं, तें ही पोर जन्मभर वागविणार. तिचें अद्याप आपल्या मुठीवरही चित्त ठरत नाहीं. तिच्या वतीनें भांडावयाचें तर आम्हींच.

संध्याकाळच्या चहाला मामंजींनीं आपले आक्षेप सांगितले. पहिला आक्षेप, नांव आगगाडीसारखें लांब होईल व कोणत्याही चौकटींत मावणार नाहीं. हा खरा आहे. यावर आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसरा, मूल कुळाचें असतें आणि कुळ बापाकडून येतें. तिसरा सांगतांना ते जरा अडखळले. ‘‘लोक म्हणतील, बापाचा पत्ता नाहीं म्हणून आईचें नांव लावलें.’’ आमच्या मतें पहिले दोन आक्षेप या तिसऱ्याची बाहेरचीं वस्त्रें होतीं.

आम्हीं छांदोग्योपनिषदांतील सत्यकाम जाबालाचा दाखला दिला. बापाचें गोत्र माहीत नाहीं म्हणून आईचें नांव सांगणाऱ्या त्या मुलास गुरूनें जवळ केलें, ही गोष्ट याच घरांत आमच्या यजमानांस लहानपणीं सांगितली गेली आहे. मामंजी हंसले व म्हणाले, ‘‘सूनबाई, ती गोष्ट माझ्या बाजूची. तेथें बाप माहीत नव्हताच.’’ दाखला देण्यापूर्वीं तो कोणाच्या बाजूनें पडतो तें पाहावें, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

मग आम्ही नाशकास गेलों, म्हणजे बोलण्यांत. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे सातवाहन राजे काय बेपत्ता बापांचे मुलगे होते? याच महाराष्ट्राचे सम्राट्, आणि नाण्यांवर, शिलालेखांत आईच्या नांवानें मिरवत होते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत, पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं, त्याची आजी गौतमी बलश्री हिनें जो लेख कोरविला, त्यांत ती स्वतःस महाराजाची माता व महाराजाची पितामही म्हणविते. मामंजी शाळेच्या सहली घेऊन त्या लेण्यांच्या पायऱ्या अनेकदां चढलेले. त्यांचे डोळे चमकले. वाद बाजूला राहून तास सुरू झाला. त्यांनीं एक गोष्ट अशी सांगितली, कीं ती आमच्या ध्यानांत कधीं आली नव्हती. गौतमी, वासिष्ठी हीं त्या बायकांचीं स्वतःचीं नांवें नव्हेतच. तीं त्यांच्या माहेरच्या गोत्रांवरून पडलेलीं नांवें. बृहदारण्यकाच्या अखेरीस आचार्यांची जी लांबच लांब परंपरा दिली आहे, पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, भारद्वाजीपुत्र, तेथेंही प्रकार बहुधा तोच. मुलगा आईचें नांव लावतो म्हणजे आईच्या बापाचें कुळ लावतो. ‘बलश्री’ हें त्या बाईचें खरें नांव आपणांस कळलें, तें तिनें स्वतः लेणें दान करून त्यावर कोरविलें म्हणून.

‘‘मग दोन हजार वर्षांत पुढें काय झालें?’’ आम्हीं विचारलें. मामंजींनीं चहा संपविला, पण उत्तर दिलें नाहीं. दिलें तें सासूबाईंनीं, आणि आमच्याकडे न पाहतां. त्या आमच्यासाठीं अहळिवाचे लाडू वळीत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या मुलाला माझें नांव लावायचें ठरलें असतें, तर कोणतें लावलें असतें?’’

सासूबाईंचा विवाह १९७८ सालीं झाला. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळीं ताटांत तांदूळ पसरले, आणि नवऱ्या मुलानें सोन्याच्या अंगठीनें त्या तांदुळांवर वधूचें नवें नांव लिहिलें. तें नांव कोणीं निवडलें, हें सासूबाईंना आजतागायत नक्की ठाऊक नाहीं. त्यांच्या सासूबाईंनीं असावें. त्यांचें माहेरचें नांव एका नदीचें होतें. या घरांत तें नांव एकदांही उच्चारलें गेलें नाहीं, आणि आम्ही चार वर्षें या घरांत वावरत असून आम्हांस तें ठाऊक नव्हतें. पूर्वींच्या नामांकित स्त्रियांकडे पाहिलें, तर त्यांतही नद्याच नद्या दिसतात. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी, ज्या १८८६ सालीं अमेरिकेंत एम. डी. झाल्या, त्याही माहेरच्या यमुना. लोकमान्यांच्या सत्यभामाबाई माहेरीं तापी होत्या. अण्णासाहेब कर्व्यांशीं १८९३ सालीं पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई ऊर्फ बाया या मूळच्या गोदूबाई. ज्यांनीं बायकांना शिकवावें म्हणून जगाशीं वैर पत्करलें, त्यांच्याही घरीं हा तांदुळांचा विधि चुकला नाहीं. हा दोष आम्ही त्यांच्या पदरांत घालीत नाहीं. त्या काळीं तो कोणाच्या ध्यानींमनींही नसेल. पण ध्यानीं नसणें ही गोष्ट लहान नव्हे.

सासूबाईंचें म्हणणें मात्र पुस्तकी नव्हतें. त्यांस २०२२ सालीं आपलें जुनें नांव शोधून काढावें लागलें होतें. त्यांच्या माहेरीं कोंकणांत वडिलोपार्जित घर व थोडीं आंब्याचीं झाडें आहेत. वांटणी कधींच झालेली नव्हती. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलग्यांबरोबर हक्क दिला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींस वगळलें. म्हणून सासूबाई बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनें ती अट गेली, आणि बाप त्या सालीं हयात असावा कीं नसावा हा जो घोळ उरला होता, तो सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं मिटविला : हक्क जन्मापासूनचा. मामेसासऱ्यांनीं आपण होऊन बहिणीला बोलाविलें. (असे भाऊ सर्वत्र असते, तर कायद्याला इतके हेलपाटे घालावे लागले नसते.) अडचण भावांची नव्हती, नांवाची होती. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारपत्रावर दुसरी. वारसांच्या नोंदींत पहिली, बँकेच्या पुस्तकांत दुसरी. ‘सदर दोन्ही नांवांची व्यक्ति एकच आहे’ असें प्रतिज्ञापत्र करावें लागलें, आणि त्यावर त्यांस दोन्ही नांवांनीं सह्या करावयास सांगितलें.

‘‘४४ वर्षांनीं तें नांव लिहिलें,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘सही करतां येईना. शाळेंत वहीवर लिहीत असूं तसें एकेक अक्षर काढलें. कारकून म्हणाला, आजी, लवकर. त्याला काय ठाऊक, तो कोणाला आजी म्हणत होता. ती पोर सोळासतरा वर्षांची होती.’’

लाडू वळणें चालूच होतें. मामंजी खिडकीबाहेर पाहत होते. ते वाईट गृहस्थ नाहींत. आम्हांस बाळंतपणांत पहांटे उठून पाणी तापवून देणारे सासरे किती जणींस मिळतात, तें आमच्या मैत्रिणींच्या पत्रांवरून आम्ही जाणतों. पण ती अंगठी त्यांच्याच हातांत होती, आणि आज प्रथमच ती बोटाला टोचत असावी असें दिसलें.

येथें आमच्याविषयींही खरें तें लिहिलें पाहिजे. आम्हीं लग्नांत नांव बदलूं दिलें नाहीं, याचा आम्हांस मोठा अभिमान. पण आडनांव मात्र बदललें, कारण तेव्हां तें सोयीचें वाटलें, आणि ‘एवढ्यावरून कशाला तंटा’ असें आमच्या आईनेंच समजाविलें. आतां पदवीच्या कागदावर एक आडनांव व पारपत्रावर दुसरें. शिवाय मुलीच्या नांवांत आपलें नांव असावें, या हट्टांत मुलीच्या हिताचा भाग किती आणि आपल्या नांवाच्या हौसेचा किती, हें आम्ही रात्रीं येरझाऱ्या घालतांना पुष्कळदां तोलून पाहिलें. हौसेचा पारडा अगदींच हलका नाहीं. आमच्या यजमानांनीं या प्रकरणांत आमची बाजू फार तडफेनें घेतली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहों. मात्र रात्रीं बाळ रडूं लागलें म्हणजे ही तडफ कोठें जाते, हा आमचा त्यांना उघड प्रश्न आहे. नांवाला पाठिंबा देण्यासाठीं झोप मोडावी लागत नाहीं. हें वाचून ते लाजले, तर या सदराचें कांहीं तरी सार्थक झालें असें समजूं.

हा सारा संवाद आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई ऐकत होत्या. बोलत नव्हत्या, पण शेवटची पोळी तव्यावरून काढून त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे दोघं आहेत, म्हणून कोणाचं आधीं, हें भांडण. माझ्या पोराच्या हजेरींत नांव बापाचं, आणि फी माझी.’’ नवरा सहा वर्षांपूर्वीं निघून गेला तो परत आला नाहीं. मुलाची शाळा बदलावयाची होती, तेव्हां नव्या शाळेंत पालक म्हणून वडिलांची सही मागितली. कोठून आणणार? बाई तीन दिवस खेटे घालीत होत्या, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. शेवटीं दिराच्या पायां पडून त्याची सही आणली, आणि ती चालली. ज्या दिरानें एक दिवस त्या मुलाला जेवूं घातलें नाहीं, त्याची सही चालली. जिनें वाढविलें, तिची नाहीं.

आम्हांस खाऱ्या शेंगदाण्यांत कडू दाणा लागावा तसें झालें. कारण कायदा या बाईंच्या बाजूचा केव्हांच झालेला आहे. १९५६ च्या हिंदु पालकत्वाच्या कायद्यांत अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक ‘बाप, आणि त्याच्या नंतर आई’ असे शब्द आहेत, व ते आजही तसेच आहेत. पण गीता हरिहरन या लेखिकेनें आपल्या मुलाच्या नांवें रोखे घेतांना पालक म्हणून स्वतः सही केली, ती रिझर्व्ह बँकेनें मान्य केली नाहीं, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. तेथें १९९९ सालीं ठरलें, कीं ‘नंतर’ याचा अर्थ बाप मेल्यानंतर असा नव्हे, तर बाप मुलाच्या सांभाळांत नसेल तेव्हां, असा घ्यावयाचा. २०१५ सालीं त्याच न्यायालयानें अविवाहित मातेस बापाचें नांव न सांगतां पालकत्व मागतां येईल असा निर्णय दिला. निर्णय दिल्लींत झाले. शाळेच्या खिडकींत बसलेल्या माणसापर्यंत ते पोंचले नाहींत, आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईंपर्यंत तर नाहींतच. आम्हीं या दोन्ही गोष्टी एका कागदावर स्वच्छ मराठींत लिहून बाईंना दिल्या आहेत व पुढच्या वेळीं शाळेंत आम्ही स्वतः बरोबर जाणार आहों. ज्या वाचकभगिनींच्या घरीं अशी कामाची बाई असेल, त्यांनीं तिच्या मुलांच्या दाखल्यांवर काय लिहिलें आहे, एवढें तरी विचारावें. आम्हीं चार वर्षांत विचारलें नव्हतें.

त्या बोलण्यानंतर दोन दिवस मामंजी गप्प होते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पूजा आटोपल्यावर त्यांनीं घडी घातलेला तो कागद मागितला. घडीची रेघ पडली होती, म्हणून नवा कागद आणविला. त्यावर बाळाचें नांव, पुढें आमचें, पुढें यजमानांचें, असें एकाच वळणानें लिहिलें. चौकटींत तें मावलें नाहीं. आडनांवाचीं शेवटचीं दोन अक्षरें रेघेबाहेर गेलीं. ‘‘सांगितलें होतें,’’ एवढेंच ते म्हणाले. कुळाविषयींचें त्यांचें मत बदललें आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि बदलावें असा आमचा आग्रहही नाहीं. कागद कचेरींत गेला आहे.

परंतु दुसरी एक गोष्ट घडली, ती कोणीं सुचविली नव्हती. देवघराच्या फडताळांत मामंजींची एक जुनी वही असते. पितृपंधरवड्यांत महालयाच्या दिवशीं ती निघते. तींत पितृत्रयी व मातृत्रयी यांचीं नांवें गोत्रासह लिहिलेलीं आहेत. पिता, पितामह, प्रपितामह, तशीच माता, पितामही, प्रपितामही. आमच्या घराण्यांतील बायकांचीं नांवें सन्मानानें, ठसठशीत स्वरांत घेतलीं जातात तीं वर्षांतून त्या एका दिवशीं, आणि तेव्हां त्या तीं ऐकावयास नसतात. शिवाय तीं सारीं सासरचीं नांवें. परवां मामंजी ती वही घेऊन सासूबाईंजवळ बसले व विचारूं लागले, ‘‘आईचें माहेरचें नांव तुला ठाऊक आहे ना?’’ सासूबाईंना ठाऊक होतें; सासू-सुनेंत कधीं दुपारच्या वेळीं तें निघालें होतें. मुलास ७५ वर्षांत तें कळलें नव्हतें. मामंजींनीं आईच्या नांवापुढें कंस काढून त्यांत तें लिहिलें. आजीचें नांव मुंबईस आतेसासूबाईंना दूरध्वनि करून मिळालें. त्यांना तें सांगतांना रडें कां आलें, हें त्यांचें त्यांनाच सांगतां आलें नाहीं.

पणजीचें नांव कोणासच ठाऊक नाहीं. तिच्या पुढेंही मामंजींनीं कंस काढून ठेवला आहे. कोंकणांत मूळ घराण्यांतील एक नव्वदीच्या काकू आहेत; त्यांच्याकडे विचारणा केली आहे. त्यांच्या सुनेनें सांगितलें, कीं काकूंना सध्यां ऐकूं कमी येतें, पण एखाद्या सकाळीं त्यांना जुनें बरेंच आठवतें, तेव्हां विचारून ठेवीन. अद्याप निरोप आलेला नाहीं.